सात ध्वनिमुद्रणं, एक आवाज

माझा मुलगा हेमंत गेला, त्यानंतर सात महिने मी देवासमोर दिवा लावला नाही. ही गोष्ट आजवर मी कोणाला सांगितली नव्हती, कारण आमच्या सारंगखेड्यात माझी ओळखच दत्तभक्त म्हणून आहे. सगळी नोकरी मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केली. संसार पुरुषोत्तमनगरच्या वसाहतीत झाला, आणि निवृत्त झाल्यावर मी गावातल्या आमच्या घरी परतलो. काही वर्षांपूर्वी पत्नी गेली तेव्हा मी खचलो होतो, पण दत्तगुरूंवर रुसलो नव्हतो. ती बरीच आजारी होती. तिचं जाणं मला समजलं होतं. हेमंतचं समजलं नाही.

तो जर्मनीत एका कंपनीत इंजिनिअर होता. वय चौतीस, लग्न झालेलं नव्हतं. एका पावसाळी सकाळी कामावर जाताना त्याच्या सायकलला गाडीने धडक दिली आणि तो जागीच गेला. मला तिकडे जाणं जमलं नाही. अंत्यसंस्कार तिथेच झाले. काही आठवड्यांनी त्याच्या अस्थी आल्या आणि मी त्या प्रकाशाला तापीत सोडल्या. त्या दिवशी घरी आलो, हातपाय धुतले आणि देवघराची दारं लावून घेतली. रागाने आपटली वगैरे नाहीत, हळूच लावली. मला वाटलं, आता या दाराआड कोणी नाही. मग दिवा कोणासाठी लावायचा?

त्यानंतर महिनाभराने एक पार्सल आलं. हेमंत ज्या बाईंच्या घरात भाड्याने राहत होता, त्यांनी त्याचं सामान पाठवलं होतं. दोन स्वेटर, चष्मा, कानात घालायचे इअरफोन आणि एक छोटा पेन ड्राइव्ह. सोबत इंग्रजीत हाताने लिहिलेलं पत्र होतं. त्यात त्या बाईंनी लिहिलं होतं की तुमचा मुलगा दर मंगळवारी संध्याकाळी एका मोठ्या गायकवृंदात गायला जायचा, या ड्राइव्हवर जे संगीत आहे ते तो सतत ऐकत असे, आणि यातल्या एका ध्वनिमुद्रणात तो स्वतः गायला आहे असं त्याने मला सांगितलं होतं. ते कोणतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना संगीतातलं काही कळत नसे.

मी लॅपटॉपवर ड्राइव्ह लावून पाहिला. सात फायली होत्या. त्यांना नावं नव्हती, नुसते एक ते सात आकडे. पहिली लावली. दीड तासाची होती. दुसरी लावली, तर सुरुवात अगदी तशीच. तिसरीही तशीच. तेव्हा कळलं की ही एकच रचना आहे, सात वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांनी वाजवलेली आणि गायलेली. पाश्चात्य लोक जिला सिंफनी म्हणतात, त्या जातीची. शंभरेक वादक असावेत आणि शेवटी शेकडो माणसांचा कोरस. त्या शेकडोंमध्ये कुठेतरी माझा हेमंत उभा होता.

मला त्या संगीतातलं काही कळत नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नुसता गोंगाट वाटला. ढोल कडाडतात, पितळी वाद्यं ओरडतात, मग एकदम शांत होतं, इतकं शांत की फाईल संपली की काय असं वाटतं. कोरस तर तासाभराहून अधिक वेळ नुसता बसून राहतो आणि अगदी शेवटच्या भागात, वाद्यं जवळजवळ थांबलेली असताना, फार हळू सुरू होतो. पण नमुने तपासण्यात माझा जन्म गेला आहे. कारखान्यात दर तासाला रसाचा नमुना यायचा. दिसायला सगळे सारखे, पण तपासले की प्रत्येक वेगळा. मला वाटलं, हेही तसंच करता येईल. एक वही घेतली, सात रकाने आखले आणि रोज सकाळी अंघोळ झाली की हेमंतचे इअरफोन कानात घालून बसू लागलो. ज्या वेळेला पूर्वी मी पूजेला बसायचो, तीच ती वेळ होती.

हळूहळू फरक कळायला लागले. पहिल्यातली सगळी चाल घाईची, जणू गाडी पकडायची आहे. दुसऱ्यात तेच सूर इतके लांबवलेले की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. तिसऱ्यात पुरुषांचे आवाज पुढे, चौथ्यात बायकांचे. पाचवं धुऊन पुसून ठेवलेल्या काचेसारखं स्वच्छ, एक खोकलासुद्धा नाही. सहावं त्यामानाने ओबडधोबड, लोकांच्या समोर गायलेलं, मधेच कुणाची तरी खुर्ची करकरते. सातव्यात शेवटच्या घंटा इतक्या जवळ वाजतात की मी दचकायचो. कोरस कोणत्या मिनिटाला सुरू होतो, कुठे चढतो, कुठे उतरतो, हे सगळं मी वहीत लिहून काढलं. पण मला जे हवं होतं ते एकाही रकान्यात येईना. हेमंतचा आवाज मला कुठेच सापडत नव्हता.

त्या दिवसांत घरात बोलणं असं उरलंच नव्हतं. स्वयंपाकाला येणाऱ्या बाई सकाळी भाकरी-भाजी करून जायच्या, ती मी कधी दुपारी खायचो, कधी तशीच राहायची. सुरुवातीला लोक भेटायला यायचे. मग त्यांच्याही लक्षात आलं की समोर बसलेल्या माणसाचं लक्ष दुसरीकडे आहे, आणि येणं कमी झालं. दत्तमंदिरातल्या गुरुवारच्या भजनाला मी कधी न चुकता जात असे, तेही सुटलं. एकदा भजनातले माझे जुने सोबती जगनभाऊ मुद्दाम आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "आप्पा, दर गुरुवारले आम्ही तुन्ही वाट देखी ऱ्हायनूत. आनि तू कानमा हाई काय घालीसन बसस?"

मी म्हटलं, "मन्हा पोऱ्या शे यामा. त्याले धुंडी ऱ्हायनू."

जगनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे पाहिलं. आणि ते उठले. फाटकापाशी थांबून त्यांनी पागोट्याच्या टोकाने डोळे पुसलेले मला दिसले. ते गेल्यावर मी परत इअरफोन घातले.

मग एक दिवस मला वाटलं, सापडला. तिसऱ्या ध्वनिमुद्रणात पुरुषांच्या आवाजांतून एक आवाज किंचित वर येतो. मऊ, थोडा नाकातून येणारा. हेमंतचा आवाज तसा होता. मी तो तुकडा किती वेळा ऐकला असेल याला गणती नाही. पंधरा दिवस मी सुखात होतो. जेवत होतो, दाढी करत होतो. त्या आवाजाशी बोलतही होतो, "आज कापसाला भाव बरा होता रे," असलं काहीबाही. मग एका सकाळी मनात आलं की ताडून पाहावं. त्याच्या चुलत बहिणीच्या लग्नात त्याने एक गाणं म्हटलं होतं, त्याचा व्हिडिओ फोनमध्ये होता. मी तो लावला, मग लगेच तो तिसऱ्यातला तुकडा लावला. दोन्ही आवाज वेगळे होते. थोडेथोडके नाहीत, पार वेगळे. पंधरा दिवस मी कुणा परक्या माणसाशी बोलत होतो.

पण त्याहून वाईट गोष्ट मला त्यानंतर कळली. व्हिडिओ बंद केल्यावर मी डोळे मिटून हेमंतचा बोलतानाचा आवाज आठवायचा प्रयत्न केला आणि तो आठवेना. त्याचं "आप्पा" म्हणणं आठवेना. सात ध्वनिमुद्रणांतले शेकडो परके आवाज ऐकून ऐकून त्याचा खरा आवाज माझ्या कानांतून पुसला गेला होता. त्या दिवशी मी देवघराच्या बंद दारासमोर उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "सगळं नेलंस, एवढं तरी ठेवायचं होतंस." ती प्रार्थना नव्हती. पण सात महिन्यांत मी देवाशी बोललो ते एवढंच.

मग मी अशी समजूत करून घेतली की दोष माझ्या कानांत असावा. वय झालं, ऐकू कमी येत असेल, म्हणून मुलाचा आवाज ओळखता येत नाही. यंत्र लावलं की सापडेल. मी नंदुरबारला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला एका बंद खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले आणि प्रत्येक वेळी बटण दाबायला सांगितलं. तपासणी झाल्यावर कागद पुढे ठेवून म्हणाले, "काका, तुमचे कान या वयाच्या मानाने उत्तम आहेत. यंत्राची काही गरज नाही." दुसरं कोणी असतं तर पेढे वाटले असते. मी मात्र बाहेर येऊन बाकावर बसून राहिलो. कान बिघडले असते तर आशा होती.

दुपारी शहाद्याची बस मिळाली. खिडकीशी बसलो. तापीचा पूल ओलांडून बस प्रकाशाच्या थांब्यावर आली आणि पुन्हा सुरूच होईना. चालकाने बराच वेळ खटपट केली. शेवटी कंडक्टर मागे येऊन सगळ्यांना म्हणाला, "आते गाडी पुढे जावाव नहीं. मांगून दुसरी येई, तिच्यामा बसाडी देसू." लोक कुरकुरत उतरले. मी मात्र जागचा हललो नाही. ज्या गावात मी मुलाच्या अस्थी सोडल्या, तिथे मला पाय ठेवायचा नव्हता. येताना पूल आला तेव्हासुद्धा मी मान दुसरीकडे केली होती.

माझ्या पलीकडच्या बाकावर एक बाई होत्या. साठी ओलांडलेल्या, सावळ्या, पांढरी सुती साडी, हातात कापडी पिशवी. त्या उतरायला निघाल्या, दारापाशी गेल्या आणि परत आल्या. "भाऊ, आत उकडून जीव जाईल," त्या म्हणाल्या. "दुसरी गाडी तास-दीड तास येत नाही. चला, नदीवर सावली आहे." आवाजात असा काही अधिकार होता की मी उठलो. नंतर कळलं, त्या नवापूरकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या आणि म्हसावदला आपल्या लेकीकडे निघाल्या होत्या. रोग्याला पलंगावरून कसं उठवायचं हे त्यांना माहीत होतं. सगळे मला सिस्टर म्हणतात, तुम्हीही म्हणा, असं त्यांनी सांगितलं.

केदारेश्वराच्या देवळाखालच्या घाटावर आम्ही बसलो. देवळात मी गेलो नाही आणि त्यांनी का म्हणून विचारलं नाही. पाण्याकडे पाहणं होईना, म्हणून मी फोन काढला, इअरफोन घातले आणि सवयीने त्यात उतरवून घेतलेलं एक ध्वनिमुद्रण लावलं. किती वेळ गेला कळलं नाही. पाहतो तर सिस्टर पदराच्या टोकाने माझा गाल पुसत होत्या. मला रडू आलेलं मलाच समजलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "काय ऐकताय एवढं? मला ऐकू द्या."

मी एका कानातला इअरफोन त्यांना दिला. त्यांनी तो घातला आणि त्यांचा चेहरा बदलला. "अरे, हा तर क्वायर आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या दवाखान्यात आमचा क्वायर होता. तीसेक जण. मी बायकांच्या खालच्या पट्टीत गायची, चाळीस वर्षं. पण एवढा मोठा कधी ऐकला नाही."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. हेमंत, पार्सल, सात फायली, वही, तिसऱ्यातला तो परका आवाज, आज डॉक्टर काय म्हणाले ते. आणि जे मी जगनभाऊंना सांगितलं नव्हतं, स्वतःशीसुद्धा नीट बोललो नव्हतो, तेही सांगून टाकलं. जायच्या वर्षभर आधी हेमंतने व्हिडिओ कॉल केला होता. फार खुशीत होता. म्हणाला, "आप्पा, आम्ही एक फार मोठी रचना बसवतोय, कोरसमध्ये दोनशेच्या वर माणसं आहेत." मला गाण्यातलं कळतं असा माझा समज. भजनात कुणाचा सूर हलला की मी तिथल्या तिथे थांबवून दुरुस्त करणारा माणूस. मी त्याला म्हणालो, "दोनशेंत उभं राहून काय गायचं? कोणाला कळणार तू आहेस म्हणून? गायचं तर एकट्याने गा, नाव होईल. नाहीतर सोडून दे." त्याने नुसतं शेतातल्या पपईला पाणी सोडलं का म्हणून विचारलं. त्यानंतर गाण्याचा विषय त्याने माझ्याकडे कधी काढला नाही.

"म्हणून मला त्याचा आवाज शोधायचाय, सिस्टर," मी म्हणालो. "दोनशेंतही तू मला कळतोस, एवढं त्याला सांगायचंय."

समोर एक बाई पाण्यात उभी राहून कपडे आपटत होती, त्याचा आवाज पलीकडच्या काठावरून परत येत होता. सिस्टर तिकडे पाहत म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नका. तुम्ही उलट्या वाटेने शोधताय. आम्हाला शिकवणारे सर पहिल्याच दिवशी सांगायचे, शेजारच्याचा आवाज आपल्यापेक्षा जास्त ऐकू आला पाहिजे. आपलाच ऐकू यायला लागला तर समजा चुकलं. क्वायरमध्ये जो वेगळा ऐकू येतो, तो अजून शिकायचा राहिलेला असतो. तुमचा मुलगा चांगला गाणारा असेल ना, तर तो तुम्हाला सापडायचा नाही. असा मिसळलेला असेल."

मला हे टोचलं. जो आवाज सापडावा म्हणून मी महिनोन्‌महिने जीव टाकला, तो सापडू नये यातच त्याची हुशारी होती, हे कसं पचवायचं? मी म्हणालो, "मग तो यांतल्या कोणत्यात आहे, हेही मला कधी कळणार नाही."

"ते कदाचित कळेल," त्या म्हणाल्या. "कोरस जिथे सुरू होतो ना, तेवढंच लावा. सातही लावा. आणि सुरू व्हायच्या थोडं आधीपासून लावा."

वही माझ्या पिशवीत होतीच. प्रत्येकातलं मिनिट तिच्यात लिहिलेलं होतं. मी पहिलं लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "हे पोटासाठी गाणारे लोक. श्वास चोरून घेतात, ऐकू येत नाही. फार छान गातात, पण तुमचा मुलगा तर कामावरून सुटून मंगळवारी जायचा." दुसरं लावलं, तिसरं लावलं. प्रत्येक वेळी तीच मान. चौथ्याला थोडं थांबल्या, मग तेही नाही म्हणाल्या. पाचवं दोन क्षणांत सोडून दिलं. सहावं लावलं आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "परत लावा. आता गाणं ऐकू नका. गाण्याच्या आधी ऐका."

मी परत लावलं. वाद्यं विरत गेली. दूर कुठेतरी एक शिंग वाजून थांबलं. मग ती शांतता, जी मी शेकडो वेळा ऐकली होती. आणि त्या शांततेत, पहिला शब्द यायच्या आधी, श्वास ऐकू आला. एका माणसाचा नाही. उसाच्या फडावरून वाऱ्याची झुळूक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावी, तसा शेकडो माणसांनी एकदम घेतलेला श्वास. मग त्यातूनच तो हळू सूर उठला, इतका हळू की श्वास कुठे संपला आणि सूर कुठे सुरू झाला ते सांगता येऊ नये.

मी वही उघडून पाहिली. सहाव्या रकान्यात, त्या मिनिटासमोर, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "कोरसच्या आधी खरखर. मुद्रण सदोष."

सिस्टर म्हणाल्या, "ही आमच्यासारखी माणसं आहेत. दिवसभर काम करून संध्याकाळी गायला आलेली. एवढा वेळ गप्प बसायचं आणि मग एवढं हळू सुरू करायचं, हे फार अवघड असतं भाऊ. छाती धडधडते. म्हणून सगळे मिळून असा मोठा श्वास घेतात. तुमचा मुलगा यात असेल तर त्याचा श्वास यातच आहे. वेगळा काढता यायचा नाही, पण आहे."

मी तो तुकडा पुन्हा लावला, आणि पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकताना माझ्या लक्षात आलं की मी आता शोधत नव्हतो. महिनोन्‌महिने कानांवर जो ताण होता तो सुटला होता. त्या श्वासाबरोबर माझाही श्वास आत गेला. मी मान वर केली आणि समोर तापी होती. ज्या जागी अस्थी सोडल्या होत्या ती जागा मी पाहू लागलो, पण कोणती जागा ते सांगता येईना. सगळं पाणीच होतं, संथ, उन्हात चमकणारं, वर सारंगखेड्याकडून आलेलं आणि खाली गुजरातेकडे जाणारं. मी चार पायऱ्या उतरलो, ओंजळीत पाणी घेतलं आणि डोळ्यांना लावलं. त्यानंतर हात आपोआप जोडले गेले. काही मागितलं नाही. मागायचं सुचलंच नाही.

मागे पाहिलं तर सिस्टर कपाळाला बोट लावून, मान खाली घालून, ओठांतल्या ओठांत काही म्हणत होत्या. डोळे उघडल्यावर माझ्याकडे पाहून हसल्या. "तुमच्या देवाला तुम्ही सांगितलंत, माझ्या देवाला मी सांगितलं. आता चला, नाहीतर दुसरीही गाडी जाईल."

दुसरी गाडी खच्चून भरलेली आली. शहाद्याला उतरल्यावर मी त्यांचा फोन नंबर घेतला आणि त्यांना म्हसावदच्या गाडीत बसवून दिलं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी देवघराची दारं उघडली. आत धूळ होती. ती पुसली, वात वळली आणि दिवा लावला. दत्तगुरूंना काय सांगावं ते कळेना, म्हणून नुसता बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी त्या घरमालकीण बाईंना पत्र लिहिलं. खरं तर हे मी पहिल्या दिवशीच करू शकलो असतो. त्यांनी गायकवृंद शोधून काढला असता, विचारलं असतं, उत्तर आलं असतं. पण बापाला मुलाचा आवाज आपल्या कानांनी ओळखता आला पाहिजे, हा माझा हट्ट होता. मुलाच्या आठवणीतसुद्धा मला माझ्या कानांचाच मान हवा होता. त्या घाटावर हा हट्ट सुटला, म्हणून पत्र लिहून झालं.

दीड महिन्याने उत्तर आलं. गायकवृंदाच्या संचालकांनी स्वतः लिहिलं होतं. सहावं ध्वनिमुद्रण त्यांचंच होतं. हेमंत पुरुषांच्या वरच्या पट्टीत, तिसऱ्या रांगेत उभा असे. पुढे त्यांनी लिहिलं होतं, "तीन वर्षांत त्याचा आवाज मला एकदाही वेगळा ऐकू आला नाही. आता मंगळवारी आम्ही जमतो तेव्हा त्या बाजूचा आवाज कमी भरतो. कोणता कमी झाला ते दाखवता येत नाही, पण सगळ्यांना जाणवतं." ते वाचून मी खूप रडलो. पण हे रडणं आधीच्या रडण्यासारखं नव्हतं. मी सिस्टरना फोन करून पत्र वाचून दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बघा, चांगला गाणारा होता."

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी मी मंदिरात गेलो. पुढची माझी जागा लोकांनी रिकामीच ठेवलेली होती. मी तिथे गेलो नाही. मागे, भिंतीला टेकून जगनभाऊ टाळ घेऊन बसले होते, त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी सरकून जागा केली. भजन सुरू झालं. मधल्या एका ओळीला कुणाचा तरी सूर हलला. माझी मान सवयीने वर झाली आणि मग खाली गेली. मी गात राहिलो. जगनभाऊंचा जाडाभरडा आवाज उजव्या कानाशी होता, समोर बायकांचे आवाज होते, झांजा होत्या. थोड्या वेळाने माझा आवाज मलाच ऐकू येईनासा झाला. आयुष्यात प्रथमच मला त्याची भीती वाटली नाही.

बस प्रकाशालाच का बंद पडली, सिस्टर दारातून परत माझ्याकडेच का आल्या, हे मी कोणाला पटवायला जात नाही. बसगाड्या बंद पडतात आणि भली माणसं भेटतात. मला एवढंच माहीत आहे की सात महिने मी ज्याच्याशी बोलत नव्हतो, तो माझी वाट सोडून गेला नव्हता. घर अजूनही रिकामं आहे. सकाळी भाकरी एकाचीच होते, आणि काही दुपारी सुन्नपणा असा येतो की उठून ओट्यावर जावंसं वाटत नाही. दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. पण आपलं माणूस मुठीत धरून ठेवायचा माझा हट्ट देवाने अलगद सोडवून घेतला, जसा एखादी नर्स झोपलेल्या रोग्याच्या हातातली वस्तू काढून बाजूला ठेवते. हेमंतचं "आप्पा" म्हणणं मी आठवायचं सोडून दिलं. मागच्या आठवड्यात शेतावर पपईच्या ओळीतून चालताना ते आपलं आपणच कानी आलं, अगदी त्याच्याच आवाजात. मी थांबलो, ओ दिली आणि पुढे चालू लागलो.